फुगलेली भिंत

आधी फक्त आवाज ऐकू या. बारीक, एकसुरी, घुमल्यासारखा. न्यू जर्सीतली मार्चअखेरची पहाट आहे. बाहेर गवतावर हिम आहे आणि आपण हरितगृहात, टोमॅटोच्या रोपांपाशी, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसलो आहोत. घुमतोय तो छोटा ब्लोअर. छताच्या दोन प्लॅस्टिक कागदांमध्ये तो हवा भरतो आहे. याच राज्यात, रटगर्स विद्यापीठात, विल्यम रॉबर्ट्स यांनी १९६४ मध्ये असं हवेनं फुगवलेलं दुहेरी छत उभं केलं.

आता खांबाला बांधलेल्या त्या पारदर्शक नळीकडे बघा. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली, आत रंगीत पाणी. नळीचं एक टोक दोन कागदांच्या मधल्या हवेत आहे, दुसरं मोकळं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण सहा मिलिमीटरांचा फरक दिसेल. बघत राहा. एवढ्याशा दाबाचा रेटा दर चौरस मीटरला सहा किलो भरतो, आणि तेवढ्यावर हे छत वाऱ्यात फडफडत नाही.

ही हवा ब्लोअर बाहेरून घेतो. आतली उबदार हवा का नको? ती ओली असते; थंड कागदाला लागली की तिचं पाणी होतं, आणि ते दोन कागदांमध्येच अडकून बसतं. बाहेरची गार हवा कोरडी.

आता सावकाश मान वळवा. लांब भिंतीत प्लॅस्टिकच्या आडव्या फुगीर नळ्या एकीवर एक टेकल्या आहेत. त्यांचा ब्लोअर वेगळा. त्या फुगल्या की भिंत बंद, हवा सोडली की भिंत उघडी. वीज गेली तरी भिंत उघडतेच. उन्हाळ्यातल्या दुपारी त्यामुळे रोपं वाचतात. थंडीच्या रात्री मात्र जनरेटर तयार ठेवावा लागतो.

तिसरी नळी सैल वाटते ना? लगेच उठू नका. ब्लोअरचा आवाज बदललाय का, ते ऐका. नसेल, तर बाहेर जाऊन त्याच्या तोंडाची जाळी बघा. तिथे पाचोळा चिकटतो. मग जोडणीचा पाइप कुठे मुडपलाय का, ते बघा. तेही ठीक असेल, तर हाताची मागची बाजू ओली करा आणि नळीजवळून हळूहळू सरकवत न्या. जिथे कातडीला अचानक गार लागेल, तिथे थांबा. साबणाचा फेस लावा. बुडबुडा वाढू लागला, की छिद्र सापडलं.

दाब वाढवून गळती झाकावी, असा मोह इथे होतो. मी एकदा तसं केलं होतं. सकाळपर्यंत नखाएवढी चीर हातभर लांब झाली होती, आणि त्या बाजूची रोपं काळवंडली होती. म्हणून ब्लोअर बंद करा. जागा पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, मग चिकटपट्टी लावा आणि तळव्याची ऊब लागेपर्यंत दाबून धरा. नळी कुठल्या बोल्टवर घासत होती, तेही शोधा. तो झाकला नाही, तर पट्टी पुन्हा तिथेच फाटेल.

ब्लोअर सुरू करा. नळी भरते आहे. परत बसा.

ऊन वर येतं. आतली हवा तापते. थर्मोस्टॅट टक् करतो आणि भिंतीचा आवाज थांबतो. नळ्या एकेक करून सैलावतात, खाली बसतात. बाहेरचा गारवा आधी घोट्यांना लागतो, मग रोपांपर्यंत पोचतो. पानाच्या टोकाला रात्रभर धरलेला थेंब हलतो आणि मातीत पडतो.