दहा सेकंदांचा प्रामाणिकपणा

आमच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या दोन खोल्यांच्या घरात, शिलाई मशीनला लागून असलेल्या टेबलावर. पप्पा जीन्सचं जॉबवर्क घेतात. बिलं, कारागिरांचे हिशेब, सगळं त्यावरच. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलं.

कारणं दोन होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि आमचा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. आमचं विंडोज चोरीचं होतं. कॉम्प्युटर असेंबल करून घेतला तेव्हा दुकानदाराने ‘टाकून दिलं’ होतं. लायसन्स हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी आला नाही.

काम अवघड नव्हतं. आधी पप्पांच्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या. मग विंडोजमधूनच त्याचं पार्टिशन लहान करून जागा मोकळी केली. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद केलं, कारण ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. आणि त्या अवस्थेत लिनक्सने त्याच्या फायलींना हात लावणं धोक्याचं. मोकळ्या जागेत लिनक्स बसवलं. आता बटण दाबलं की ग्रबचा मेनू येतो. दोन नावं आणि दहा सेकंद. काहीच दाबलं नाही तर पहिल्या ओळीवरचं सुरू होतं. पप्पांना त्रास नको म्हणून पहिल्या ओळीवर मी विंडोज ठेवलं.

या एका हार्ड डिस्कवर आता दोन नीती नांदतात. विंडोजची परवानगीशिवाय कॉपी करणं गुन्हा. लिनक्सची कॉपी करून मित्राला देणं हा मात्र त्याच्या परवान्यानेच दिलेला हक्क. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच हक्कासाठी, आणि लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं लिनक्स पुढच्याच वर्षी त्या परवान्याखाली आलं. म्हणजे कॉपी करणं ही एकच कृती पार्टिशनच्या एका बाजूला चोरी आणि दुसऱ्या बाजूला देवाणघेवाण.

मला हे फार आवडलं. कॉलेजात मी ‘आपण लिनक्सवाले’ म्हणून मिरवायला लागलो. पण दिवसातले आठ तास घरात चोरीचंच विंडोज चालत होतं. रात्री तासभर लिनक्स उघडायचं आणि त्या तासाच्या जोरावर स्वतःला स्वच्छ समजायचं, असं चाललं होतं.

हे उघडं पडलं ते घड्याळामुळे. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज धरून चालतं की त्यात स्थानिक वेळ आहे. लिनक्स धरून चालतं की त्यात जागतिक प्रमाणवेळ आहे, आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. रात्री मी लिनक्स वापरलं. सकाळी नऊला पप्पांनी विंडोज उघडलं, तर कॉम्प्युटर साडेतीन दाखवत होता.

“अरे, काय टाकलंयस ह्यात?”

मी सगळं समजावलं. पप्पांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “नवीन चांगलं आहे ना? मग जुनं ठेवलंस कशाला?”

“तुमचा बिलांचा प्रोग्रॅम त्यात आहे, पप्पा. आणि... ते विंडोज आपण विकत घेतलेलं नाही.”

“दुकानदाराला पैसे दिले की आपण.”

“मशीनचे दिले. ह्याचे नाही.”

आमच्या पट्ट्यात एक विनोद सगळ्यांनी ऐकलेला असतो: मालावर ‘मेड इन यूएसए’ असेल तर ते उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर सगळं सोडून आलेल्या माणसांनी लष्करी छावणीच्या बराकींतून, हाताला लागेल तो धंदा करून हे शहर उभं केलं. बाहेरच्यांनी त्याचा विनोद केला. पप्पांना तो कधीच आवडला नाही. जॉबवर्कला आलेल्या मालावर दुसऱ्याच्या ब्रँडचं लेबल लावायचं काम त्यांनी एकदा परत पाठवलंय. त्या महिन्यात घरात तंगी होती, हे मला आठवतं.

ते एवढंच म्हणाले, “लेबल आपण लावत नाही. मग हे कसं चालतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून विचार करतोय, दोन्ही ठेवणं हा दुटप्पीपणा आहे का? मला तसं वाटत नाही. आमच्या गल्लीतली सिंधी कुटुंबं घरात एक भाषा बोलतात, बाजारात दुसरी. सिंधी भाषा स्वतःच दोन लिप्यांत लिहिली जाते, अरबी वळणाच्या आणि देवनागरी. त्याला कुणी ढोंग म्हणत नाही, कारण दोन्हीकडे जगणं खरं असतं. ढोंग तिथे सुरू होतं, जिथे दोनातलं एक फक्त स्वतःला चांगलं वाटावं म्हणून ठेवलेलं असतं. सद्गुण सवयीने घडतो असं ॲरिस्टॉटल म्हणतो. माझी सवय मेनूत पहिल्या ओळीवर लिहिलेली होती. मी काहीच ठरवत नव्हतो तेव्हा जे आपोआप सुरू होत होतं, खरं तर तेच मी निवडलेलं होतं.

घड्याळाचा प्रश्न एका कमांडने सुटला. लिनक्सला सांगितलं, तूही स्थानिक वेळच धर. दुसरा प्रश्न तसा सुटण्यातला नाही. पप्पांची कित्येक वर्षांची बिलं जुन्या प्रोग्रॅममध्ये अडकलीत आणि ती हलवायला वेळ लागणार आहे. चोरी आजच्या आज मिटवली तर धंदा अडतो. नाही मिटवली तर ‘हळूहळू करू’ म्हणत वर्षं जातील, हेही मला माहीत आहे.

पप्पांनीच तारीख घातली. ३१ मार्च. हिशेबाचं वर्ष संपेपर्यंत जुनी बिलं जुन्यात, नवीन बिलं लिब्रेऑफिसच्या शीटमध्ये. नंतर ते पार्टिशन पुसायचं.

मी पहिल्या ओळीवर लिनक्स आणलं. आता पप्पांना जुनं बिल हवं असलं की दहा सेकंदांच्या आत खालचा बाण दाबावा लागतो. एकदोनदा चुकलं, तेव्हा वैतागले. काल मात्र बाण न दाबता चहा घ्यायला उठले, आणि परत येऊन जे उघडलं होतं त्यातच कारागिरांचा हिशेब लिहायला बसले.