शेत कुणाचे, हात कुणाचे?

मध्य आशियातील तिएनशान पर्वताच्या खोऱ्यांत पिवळ्या फुलांची एक रानवनस्पती उगवते. झेंडू, शेवंती व सूर्यफूल यांच्याच कुळातील ही वनस्पती. कझाक लोक तिला ‘कोक-सगीझ’ म्हणतात. सगीझ म्हणजे चघळण्याचा डिंक. तिचे मूळ मोडले की पांढरा चीक पाझरतो आणि त्या चिकात रबर असते. १९३०च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत संशोधकांनी हा गुण हेरला, आणि १९४१ साली त्या देशात सुमारे ६७ हजार हेक्टरांवर तिची लागवड झाली होती.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला रबराची चणचण भासू लागली, तेव्हा नाझी सत्तेचे लक्ष या रोपट्याकडे वळले. १९४३ साली वनस्पतिजन्य रबराचे सर्वाधिकार हिमलरकडे आले. ऑश्विट्झ छळछावणीच्या रायस्को या उपछावणीत त्याची प्रयोगशाळा व शेते होती. मूळ पोलिश गावकऱ्यांना तेथून आधीच हुसकावण्यात आले होते. राबत होत्या कैदी स्त्रिया. जानेवारी १९४३मध्ये फ्रान्समधून ऑश्विट्झला धाडलेल्या २३० स्त्रियांपैकी अवघ्या ४९ जिवंत परतल्या. त्यांतील रसायनतज्ज्ञ मारी-एलिझा नोर्दमान आणि लेखिका शार्लोत देल्बो यांना रायस्कोला नेण्यात आले. बिर्केनाऊच्या चिखलात व टायफसच्या साथीत मरण निश्चित होते. रायस्कोत अंघोळीला पाणी होते, निजायला खाट होती.

येथे नीतिशास्त्राचा एक कठीण प्रश्न उभा राहतो. मारेकऱ्यांच्या वाहनांना चाके मिळावीत म्हणून चाललेल्या कामात या स्त्रियांनी हात लावला. त्या पापाच्या भागीदार ठरतात काय?

संत अल्फोन्सस लिगोरी यांच्या परंपरेने येथे एक मौलिक भेद केला आहे. दुष्कृत्याच्या हेतूशी मनाने एकरूप होऊन केलेले साहाय्य सदैव पाप होय. परंतु हेतू अमान्य असताना केवळ हात लागला असेल, तर तीन गोष्टी तपासाव्या लागतात: ते काम स्वतः निर्दोष आहे काय, दुष्कृत्यापासून ते किती दूर आहे, आणि ते करण्यामागचे कारण किती गंभीर आहे. मुळे धुणे, बी निवडणे ही कामे स्वतः निर्दोष आहेत. आणि मानेवर मृत्यूचे सावट असणे याहून गंभीर कारण ते कोणते?

याच छावणीत ऑगस्ट १९४१मध्ये संत माक्सिमिलियन कोल्बे यांनी एका सहकैद्याच्या जागी मरण पत्करले, हे खरे. परंतु हौतात्म्य हे कृपेचे दान आहे. दुसऱ्याकडून वसूल करावयाचे ते कर्ज नव्हे.

मात्र ज्या कसोटीवर कैदी सुटतो, त्याच कसोटीवर स्वतंत्र माणूस अडकतो. कैसर विल्हेल्म संस्थेच्या वनस्पतिपैदास विभागाचे जर्मन संशोधकही या कामाशी जोडलेले होते. त्यांच्यापुढेही तीच रोपे, तेच बी होते. हातांचे काम सारखे, परंतु त्यांच्या मानेवर सुरी नव्हती. त्यांच्यापुढे होते ते पद, निधी आणि नावलौकिक. ‘मी केवळ रोपांची निगा राखली’ हे वाक्य कैदी स्त्रीच्या मुखी सत्य ठरते. संशोधकाच्या मुखी ती सबब होते.

रोपटे मात्र निरपराधच राहिले. त्या शेतांतून युद्धाला पुरेल इतके रबर कधी निघालेच नाही. २०१९ साली जर्मनीत याच वनस्पतीच्या रबरापासून बनविलेला सायकलचा टायर बाजारात आला. देवाने निर्मिलेल्या वस्तूला पापाचा डाग लागत नाही. डाग लागतो तो संकल्पाला.

म्हणूनच खोट्या हिशेबावर सही करताना अथवा अन्यायाचा आदेश पुढे पाठविताना ‘मी हुकुमाचा ताबेदार, पोटासाठी करतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा क्षणभर थांबावे. ही सवलत बंदिवानांसाठी आहे. ती मागण्यापूर्वी आपल्या हातांत खरोखरच बेड्या आहेत काय, हे प्रभूसमोर प्रामाणिकपणे पाहावे.