वस्तीचे मंडळ कोणाचे?



आपण धम्मदीक्षा घेतली, २२ प्रतिज्ञा उच्चारल्या, घरातला देव्हारा उतरवला, नवस-सायास सोडले, मुलामुलींची लग्ने बौद्ध पद्धतीने लावू लागलो. हे सारे घराच्या आत घडले. आता थोडे घराबाहेर या. उंबरठ्यापासून चार पावलांवर गटार आहे, त्यापलीकडे सार्वजनिक नळ आहे, पुढे विजेचा खांब आहे आणि खांबाशेजारी दुसऱ्याचे दार आहे. गटार तुंबले, नळ कोरडा पडला, दिवा गेला, शेजारच्या घरात भांडण पेटले, तर आपण कोणाबरोबर बसून त्याचा निकाल लावतो? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते : कोणाबरोबरही नाही. ज्याचे त्याने पाहावे.

तुम्ही म्हणाल, आमच्या वस्तीत मंडळ आहे. असेल. भीमनगर असो, सिद्धार्थनगर असो, मंडळावाचून वस्ती सहसा सापडत नाही. मार्च लागला की पावतीपुस्तके छापून येतात, १४ एप्रिलला मिरवणूक निघते आणि मे उजाडला की शिल्लक किती उरली हे विचारायला कोणी उरत नाही. जयंती करू नका असे आमचे म्हणणे नाही. तो आपल्या अभिमानाचा दिवस आहे. परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः संस्था कशा काढल्या, हेही त्या दिवशी आठवावे. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९२५ साली, तिच्या वतीने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. तिच्या अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते आणि व्यवस्थापक मंडळाची धुरा बाबासाहेबांकडे होती. यातून दोन गोष्टी दिसतात. एक, काम बारा महिन्यांचे होते. दुसरी, आपल्या समाजाबाहेरच्या माणसाला आत येण्यास मज्जाव नव्हता.

म्हणून मंडळ काढावे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. मंडळ कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. वर्गणी देणाऱ्यांचे? तरुण पोरांचे? भावकीचे? एखाद्या पुढाऱ्याच्या मागे फिरणाऱ्यांचे? की त्या जागेत राहणाऱ्या प्रत्येकाचे? हा प्रश्न नीतीचा आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच धम्माच्या परंपरेत मिळते.

विनयपिटकातील महावग्ग हा ग्रंथ आपल्यापैकी थोड्यांनीच वाचला असेल. त्यात उपोसथाचे, म्हणजे भिक्खूंनी दर पंधरवड्याला एकत्र जमण्याचे नियम आहेत. या सभेसाठी संघाने आधी ‘सीमा’ ठरवायची असते. डोंगर, खडक, वन, झाड, वाट, वारूळ, नदी, पाणी, अशा खुणा सांगून हद्द आखायची. त्या हद्दीत जे जे भिक्खू राहतात ते सर्व त्या सभेत मोजले जातात. कोण कोणत्या कुळातला, कोणाचा कोण लागतो, हे तेथे विचारले जात नाही. गंगा, यमुना, अचिरवती, शरयू, मही या नद्या समुद्राला मिळाल्यावर आपापली नावे टाकतात, तसे संघात आलेल्यांचे होते, असे तथागतांनी सांगितले. माजलगावच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. सिंदफणा मंजरथला गोदावरीत शिरली की पुढे तिला सिंदफणा कोणी म्हणत नाही.

हा नियम भिक्खूंसाठी होता, गृहस्थांसाठी नव्हता, हे खरे आहे. पण त्यातले तत्त्व आपल्या गल्लीला तंतोतंत लागू पडते. वस्तीची हद्द ठरवा : या रस्त्यापासून त्या ओढ्यापर्यंत. त्या हद्दीत चूल पेटवणारे प्रत्येक घर मंडळाचे सभासद. बौद्धाचे घर, मातंगाचे घर, मुसलमानाचे घर, वंजाऱ्याचे घर, परवा भाड्याने राहायला आलेल्या पारध्याचे घर, सारी घरे त्यात आली. मंडळ जातीवर उभे केले तर जी गोष्ट सोडून आपण बाहेर पडलो तीच पुन्हा पावतीपुस्तकावर छापून घेतल्यासारखे होईल.

येथे काही जण अडखळतील. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या निमित्ताने मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, हे ज्यांनी पाहिले किंवा आईबापांच्या तोंडून ऐकले, ते विचारतील : इतरांना मंडळात का घ्यावे? आणि सगळेच आत आले तर आमची ओळख ती काय राहिली? ही शंका पोकळ नाही. तिचे उत्तर असे की विहार आणि मंडळ या दोन वेगळ्या संस्था ठेवाव्यात. वंदना, धम्मवर्ग, संस्कार, विहाराची जागा यांचा कारभार उपासक-उपासिकांनी पाहावा, तेथे तडजोड नको. परंतु नळ, गटार, दिवा, शाळा, दवाखाना, भांडणतंटा या गोष्टींना धर्म नाही. नळाचे पाणी अर्ध्या गल्लीला गढूळ आणि अर्ध्या गल्लीला स्वच्छ येत नसते. शिवाय भीतीवर उपाय हवा असेल तर तोही येथेच आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावात जाळपोळ झाली आणि नगरपरिषदेच्या इमारतीलाही आग लागली, हे शहराने पाहिले आहे. अशा दिवशी गल्लीत अफवा आली तर शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून खरे काय ते विचारता येईल का? ज्याच्याशी आपण वर्षभर दर पंधरवड्याला बसलो आहोत, त्यालाच तसे विचारता येते. ऐन आगीच्या वेळी ओळख करून घेता येत नाही.

आता या विषयातल्या सर्वांत अवघड भागाकडे येऊ. सीमेत राहतो, पण सभेला येऊ शकत नाही, अशा माणसाचे काय?

आपल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातो, कोणी कर्नाटकात. कारखान्याचा हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने वस्तीतल्या कित्येक दारांना कुलूप असते. याच काळात नळजोडणीची पाहणी होते, घरकुलाची यादी होते, मतदारयादीची तपासणी होते. पाहणीला आलेला माणूस कुलूप बघून पुढे जातो. मंडळाची सभाही याच काळात भरते आणि ठराव ‘सर्वानुमते’ मंजूर होतो. तो सर्वांच्या मते झाला का? जे फडात कोयता चालवत होते त्यांचे मत कोणी घेतले?

पुन्हा महावग्ग उघडू. आजारी भिक्खूला सभेला येणे शक्य नसेल तर त्याने आपला ‘छन्द’, म्हणजे संमती, दुसऱ्या भिक्खूबरोबर पाठवावी, असा नियम तेथे आहे. तेही जमत नसेल तर त्याला खाटेवर घालून सभेत आणावे. हलवल्याने आजार वाढेल असे वाटले तर संघानेच उठून त्याच्याकडे जावे आणि तेथे सभा भरवावी. एकाला मागे ठेवून, अपुऱ्या संघाने काम उरकू नये. आणि संमती घेऊन आलेल्याने ती जाणूनबुजून सभेत सांगितली नाही, तर दोष त्याच्या माथी. अडीच हजार वर्षांमागे, एका आजारी माणसाच्या मतासाठी साऱ्या संघाने जागचे उठावे, असे सांगणारा हा नियम आहे.

यावरून आपल्या मंडळाने काय शिकावे? टोळ्या निघण्यापूर्वी एक सभा भरवावी, आणि तीच वर्षातली मोठी सभा मानावी. पुढच्या सहा महिन्यांत कोणते प्रश्न येणार ते तिथे सांगावे. जाणाऱ्या प्रत्येक घराने मागे राहणाऱ्या एका शेजाऱ्यावर आपले मत सोपवावे आणि तशी नोंद वहीत व्हावी. त्यांच्या रेशनकार्डाच्या, आधारच्या नकला वहीबरोबर राहाव्यात, म्हणजे पाहणीच्या वेळी कुलूप असले तरी नाव सुटणार नाही. मुले मागे राहणार असतील तर शाळेत हंगामी वसतिगृह सुरू आहे का, नसेल तर का नाही, हे मंडळाने विचारावे. आणि टोळ्या परतल्या की त्यांच्यासमोर सहा महिन्यांचा हिशेब वाचावा. ‘तुम्ही नव्हता म्हणून राहून गेले’ असे सांगायची पाळी कोणावर येऊ नये.

कोणी म्हणेल, जो वर्गणी देत नाही, सभेला येत नाही, त्याच्यासाठी एवढे का? कारण तो आळसाने गैरहजर नाही, पोटामागे गेला आहे. आणि हाच न्याय घरातल्या स्त्रियांनाही लागू आहे. रात्री नऊ वाजता चौकात सभा ठेवायची आणि ‘बायका येतच नाहीत’ म्हणायचे, हा सभेच्या वेळेचा दोष आहे. सभा दुपारी ठेवा, विहाराच्या ओट्यावर ठेवा, मग पाहा. नळावर रांग कोण लावते? पाण्याविषयी ज्यांना सर्वांत जास्त कळते त्यांना वगळून पाण्याचा ठराव कसा करता?

दुसऱ्या प्रकारची गैरहजेरी मात्र क्षम्य नाही. शिकून नोकरीला लागलेला, पक्के घर बांधलेला आपलाच माणूस म्हणतो, मला मंडळाची काय गरज? महाकप्पिन या भिक्खूच्या मनात असाच विचार आला होता. राजगृहाजवळ मद्दकुच्छी येथे राहत असताना त्याला वाटले, मी तर शुद्धच आहे, मी उपोसथाला जावे कशाला? तथागतांनी त्याला समजावले की तुझ्यासारख्यांनीच उपोसथाचा मान राखला नाही तर तो कोण राखणार? तू गेलेच पाहिजे. मास्तर, कारकून, परिचारिका, बँकेत काम करणारे, या सर्वांनी हे ध्यानात घ्यावे. अर्ज कसा लिहावा, तो कोणत्या टेबलावर द्यावा, पोच कशी घ्यावी, हे तुम्हाला येते. वस्तीला तुमच्या भाषणापेक्षा त्याची गरज आहे.

कायदा आपल्याला किती मदत करतो तेही पाहू. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी भागात प्रभाग समित्यांची तरतूद केली, पण ती सक्ती तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती. माजलगावसारख्या नगरपरिषदेच्या गावाला ती लागू नाही. मुंबईत १९९७ पासून महानगरपालिकेने रहिवाशांच्या परिसर समित्यांना हाताशी धरून कचऱ्याची आणि सफाईची कामे चालवली. लहान शहरात लोकांनी स्वतः पुढे यावे लागते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसे मिळून संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयातही नोंदवली जाते. तेथे हिशेब ठेवावे लागतात आणि पदाधिकारी बदलले तर ९० दिवसांत कळवावे लागते. हे झेपणार नसेल तर नोंदणीची घाई करू नका. एक वर्षभर नुसती वही नीट चालवून दाखवा, मग नोंदणी करा. पुष्कळ संस्था नोंदणीच्या दाखल्यानिशी मेल्या आहेत.

आणि मंडळ टिकते कशाने? मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींवर चाल करून जाणार होता. त्याने आपला मंत्री वस्सकार तथागतांकडे पाठवला. तेव्हा तथागतांनी आनंदाला सात गोष्टी विचारल्या. त्यांतली पहिली, वज्जी वरचेवर सभा भरवतात का? दुसरी, ते एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात का? गणराज्याचे बळ मोजताना तथागतांनी हत्ती-घोडे मोजले नाहीत, सभा मोजल्या. तेव्हा मंडळाचा दिवस ठरलेला असू द्या, पौर्णिमा आणि अमावस्या लक्षात ठेवायला सोपी. विषय असो वा नसो, सभा भरलीच पाहिजे. जमाखर्च दर सभेत मोठ्याने वाचा, मग तो वीस रुपयांचा का असेना. मतभेद झाला तर मते मोजा. संघातही शलाका वाटून मते मोजली जात. आणि एकाच माणसाला वर्षानुवर्षे अध्यक्ष ठेवू नका. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो दिल्लीला जितका लागू आहे तितकाच आपल्या गल्लीला आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या पौर्णिमेला एवढेच करा. शंभर पानी वही घ्या. वस्तीची हद्द पहिल्या पानावर लिहा. मग दारोदार फिरून प्रत्येक घराचे नाव लिहा. ज्या दाराला कुलूप आहे त्याचे नाव आधी लिहा, आणि त्याच्या मतासाठी कोण जबाबदार, ते त्याच ओळीत लिहा.

जय भीम!