नायकाचे वर्तन आणि वाचकाचा अपेक्षाभंग

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात कोपरगावच्या बेटात, गोदावरीच्या काठी, शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कच-देवयानीची कथा याच परिसरात घडली, अशी तेथील श्रद्धा. त्या कथेचा उत्तरार्ध म्हणजे ययातीचे चरित्र. आणि मराठी वाचकाच्या मनात ते मुख्यतः वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीच्या रूपाने वसले आहे. ही कादंबरी वाचून ‘नायक असा कसा वागला?’ असे कोणी खिन्नपणे विचारले, तर समीक्षक ती तक्रार भाबडी ठरवतो. पात्र ही शब्दांची रचना. तिच्याकडून सद्वर्तनाची अपेक्षा करणे म्हणजे कला आणि जीवन यांची गल्लत करणे, असे त्याचे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर अपुरे का आहे, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

निषेध आणि अपेक्षाभंग यांत भेद आहे. खलपात्राचा आपण निषेध करतो. त्याच्याकडून आपला अपेक्षाभंग होत नाही. अपेक्षाभंगापूर्वी विश्वास असावा लागतो, आणि हा विश्वास वाचक घरून घेऊन येत नाही. संहिताच तो निर्माण करते. अनौचित्यामुळे रसभंग होतो असे आनंदवर्धनाने म्हटले, तेव्हा त्यालाही रसिकाचा हा अनुभव काव्याबाहेरचा वाटला नव्हता.

खांडेकरांच्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतः सांगतात. ययातीचे निवेदन कबुलीजबाबाचे आहे. वेन बूथने वर्णिलेला अविश्वसनीय निवेदक तो सहजासहजी ठरत नाही, कारण आपले स्खलन तो लपवीत नाही. अडचण नेमकी येथेच आहे. जो आपला दोष इतक्या नितळपणे जाणतो, तो तो दोष टाळीलही, असे आपण गृहीत धरतो. ययाती मात्र जाणतो आणि तरीही करतो. तान्ह्या पुरूसह शर्मिष्ठेला तो राजवाड्याबाहेर पाठवतो आणि स्वतः उपभोगात बुडतो. कबुली हीच कृतीची जागा घेते. आपला अपेक्षाभंग म्हणून केवळ त्याच्याविषयीचा नसतो. सुंदर शब्दांच्या मोबदल्यात आपणही त्याला वेळोवेळी क्षमा केलेली असते.

कालच्या नायकाला आजच्या नीतीचे माप लावू नये, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु हे माप बाहेरून आणलेले नाही. शर्मिष्ठेचे निवेदन ययातीच्या निवेदनाशेजारी ठेवून कादंबरीनेच ते वाचकाच्या हाती दिले आहे.

खरा प्रश्न पुढचा आहे: या अपेक्षाभंगाचे कादंबरी काय करते? महाभारतातला ययाती पुरूचे तारुण्य हजार वर्षे भोगतो. खांडेकरांचा ययाती ते घेतल्यावर काही क्षणांतच पश्चात्ताप पावतो. कचाच्या साहाय्याने ते परत केले जाते, राज्य पुरूकडे जाते आणि वनाची वाट धरली जाते. जॉर्जेट हेयरच्या ‘रीजन्सी बक’ (१९३५) या कादंबरीत लॉर्ड वर्थ आरंभीच नायिकेचे बळजबरीने चुंबन घेतो. अखेरच्या विवाहाने ते खाते बंद होते. प्रकार सर्वस्वी वेगळा, हेतूही वेगळा. पण तेथे विवाह जे करतो, तेच येथे पश्चात्ताप करतो: वाचकाची तक्रार निकालात काढतो.

ती निकालात काढताना ज्याने किंमत मोजली त्याला मात्र विचारले जात नाही. तीन निवेदकांत पुरू नाही. स्वतःचे यौवन देणारा मुलगा आपल्याला फक्त इतरांच्या शब्दांत भेटतो. गिरीश कर्नाडांच्या ‘ययाति’ (१९६१) या कन्नड नाटकात हीच रिकामी जागा चित्रलेखा भरते. पुरूची ही नववधू ययातीला जाब विचारते आणि मृत्यू पत्करते. तिच्यानंतर येणारा पश्चात्ताप काहीच भरून काढू शकत नाही. तेथे प्रेक्षकाचा अपेक्षाभंग शमवला जात नाही. तो त्याच्यापाशीच ठेवला जातो.

यावरून खांडेकर लहान ठरत नाहीत. नायकावर विश्वास ठेवावयास लावून त्याला ढळताना दाखविणे, हे त्यांनी जितक्या मनःपूर्वकतेने केले तितके क्वचितच कोणी केले असेल. मात्र पश्चात्तापाचा अर्थ पश्चात्ताप करणाऱ्याने एकट्याने ठरवावयाचा नसतो. ‘ययाती असा कसा वागला?’ हा प्रश्न म्हणूनच भाबडा नव्हे. न बोललेल्या पुरूच्या वतीने वाचकाने विचारलेला तो प्रश्न आहे, आणि समीक्षेने तो मिटवण्यापेक्षा जपणे अधिक न्याय्य होय.