बीज आधी की अंकुर आधी?

कोंबडी आधी की अंडे आधी, हा प्रश्न मुले परस्परांना कोड्यात पाडण्यासाठी विचारतात. परंतु विचारवंतांनी तो थट्टेवारी नेलेला नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदास हाच दृष्टान्त देतो व भूमीवर वर्तुळ काढून, याला शेवट आहे काय, असे विचारतो. ग्रीक लेखक प्लुटार्क यानेही हा वाद मांडला आहे. आपल्या शास्त्रांत याचेच नाव बीजांकुरन्याय.

आधुनिक जीवशास्त्र म्हणते, अंडेच आधी. कारण पक्षी नव्हते तेव्हाही सरपटणारे प्राणी अंडी घालीत होते. नर्मदेच्या खोऱ्यात डायनासोरांची २५६ अंडी आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. पाळीव कोंबडी तर रानकोंबड्यापासून झाली. आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याचाही अंश तिच्यात मिसळला आहे, असे २००८ साली दाखविण्यात आले. हे उत्तर यथार्थ आहे. परंतु त्याने प्रश्न मिटत नाही, केवळ मागे सरकतो. त्या पहिल्या अंड्याचे कारण कोणते, हे उरतेच.

येथे पूर्वपक्षी म्हणेल, कर्मावाचून देह नाही व देहावाचून कर्म नाही, तर हा अन्योन्याश्रय दोष झाला. उत्तर असे की, ज्या अंड्यातून ही कोंबडी झाली ते अंडे हिने घातलेले नव्हे, ते दुसरीचे. व्यक्ती भिन्न असल्याने अन्योन्याश्रय नाही. आणि जी अनवस्था प्रमाणसिद्ध आहे तिला नैयायिक दोष मानीत नाहीत. गौडपादाचार्यांचा आक्षेप याहून तीक्ष्ण आहे. बीजांकुराचा दृष्टान्त स्वतःच साध्यकोटीतला, मग तो दुसऱ्यास काय सिद्ध करणार, असे ते विचारतात. हे मान्य केले तरी इतके राहतेच की, आदी न सापडणे म्हणजे कारण नसणे नव्हे.

तथापि खरा धोका तर्कात नसून आचरणात आहे. दोन भाऊबंद बांधावरून भांडतात. एक म्हणतो, आधी त्याने शिवी दिली. दुसरा म्हणतो, त्याआधी याने बांध कोरला. असे मागे जाता जाता आजे-पणजे निघतात. आदी सापडत नाही, आणि तो सापडत नाही म्हणून कोणीच थांबत नाही. अनादित्व ही येथे दोघांचीही पळवाट होते.

अनादी ते अनंत असलेच पाहिजे, असा नियम नाही. घट उत्पन्न होण्यापूर्वीचा त्याचा अभाव अनादी असतो, पण घट होताच तो संपतो. बदलापुराजवळील कात्रपच्या परिसरात आता इमारती उभ्या राहिल्या आहेत. परंतु या पट्ट्यातील भातशेतीची जुनी रीत विचारात घ्यावी. पावसाळ्यापूर्वी शेतकरी पालापाचोळा व शेण पसरून राब भाजतो. त्या उष्णतेने तणाचे बी जळते. ते तण किती पिढ्यांपासून त्या मातीत होते, पहिले बी कोणत्या वाऱ्याने आणले, हे शेतकरी शोधीत बसत नाही. परंपरा कितीही जुनी असो, भाजलेले बी उगवत नाही.

स्वमतात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी आहेत. जीवाची अविद्याही अनादीच. पण ती परमेश्वराच्या कृपेने व ज्ञानाने निवृत्त होते, म्हणूनच मोक्षशास्त्राला प्रयोजन आहे. बंध कधी लागला, हे न कळल्याने साधकाचे काही अडत नाही. तो आता वाढविला, तर मात्र अडते.

तात्पर्य, ‘आरंभ कोणी केला’ या प्रश्नाचे उत्तर भूतकाळात मिळो वा न मिळो; ‘थांबवावे कोणी’ याचे उत्तर विचारणाऱ्याच्या हाती आहे. बांधावरच्या भांडणात जो पहिली शिवी गिळतो, त्याने आपल्यापुरता राब भाजला.