कायदेशीर वारस

आयुष्यात मला फारशी पदे मिळाली नाहीत. सोसायटीच्या खजिनदारपदासाठी एकदा माझे नाव पुढे आले होते, पण ते मीच पुढे केले होते असे निष्पन्न झाल्यावर प्रकरण तिथेच मिटले. त्यामुळे २०१३ सालच्या जुलैत नाना वारले आणि एखाद्या सरकारी कागदावर माझ्या नावापुढे 'वारस' असा शब्द उमटायची शक्यता निर्माण झाली, तेव्हा दुःखाच्या जोडीला मला थोडेसे भारदस्तही वाटले. हे लिहायला बरे वाटत नाही. पण आता खोटे लिहायचे वय राहिले नाही.

नाना म्हणजे माझे धाकटे काका. लग्न केले नाही. तरुणपणी पेठच्या शाळेत मास्तर म्हणून गेले ते तिकडचेच झाले. नाशिकहून पेठ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हटले तर काहीच नाही. पण मध्ये सावळघाट आहे, आणि घाट हे नातेवाइकांना फार मोठे निमित्त असते. "येणार होतो हो, पण घाटात दरड कोसळली म्हणे," हे वाक्य आमच्या घराण्यातल्या प्रत्येकाने नानांना निदान दहा वेळा तरी ऐकवले असेल. त्यातल्या दोन वेळा दरड खरोखरच कोसळली होती. तिकडे पाऊसही असा, की चार महिने माणसे नुसती भिजतात आणि उरलेले आठ महिने कपडे वाळवतात. नागली, वरई आणि भात पिकवणारा तो सगळा आदिवासी मुलूख. पुढे थोडे गेले की गुजरात.

पेठचा आणि वारसाहक्काचा संबंध तसा जुना. एकेकाळी हे दळव्यांचे छोटेसे संस्थान होते. गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना १८५७ च्या उठावात इंग्रजांनी फासावर चढवले, आणि १८७८ मध्ये शेवटच्या बेगमसाहेबा वारल्यावर संस्थानच खालसा करून टाकले. म्हणजे सातबाऱ्यावर एकदम व्हिक्टोरिया राणीचे नाव चढले. त्या फेरफारावर हरकत घ्यायला पंधरा दिवसांत कोण जाणार होते?

नानांचे संस्थान त्या मानाने आटोपशीर होते. दोन खोल्या, एक पडवी, वर कौले, मागे आंब्याचे एक झाड. पुस्तकांची चार कपाटे. एक पासबुक. आणि मावशी.

मावशी म्हणजे कोणाचीच मावशी नव्हे. जवळच्या पाड्यावरची बाई. नानांकडे स्वैपाकपाण्याला म्हणून आली आणि बावीस वर्षे येत राहिली. नानांना शेवटी शेवटी दिसेनासे झाले होते, तेव्हा त्यांना अंगणात फिरवून आणणे, औषधाच्या गोळ्या रंगावरून ओळखून देणे, हे सगळे तिच्याकडे. आम्ही गेलो की ती चहा करायची आणि पडवीत जाऊन बसायची. आम्हीही तिला कधी आत बोलावल्याचे मला आठवत नाही.

नानांना नाशिकला आणून, रामकुंडावर सगळे उरकून, कागदपत्रे आणायला म्हणून मी एकटाच पेठला गेलो. पासबुकावर नॉमिनी म्हणून माझे नाव होते. त्या अभिमानाने मी कपाट उघडले. (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे बँकेतून काढून खऱ्या वारसाच्या हातात नेऊन देणारा हमाल, हे मला नंतर कळले.) पासबुकात एकरेघी वहीचे एक पान घडी करून ठेवले होते. अक्षर नानांचे. दिसत होते तेव्हाचे, म्हणजे वेलांट्या जागच्या जागी. मजकूर तीन ओळींचा : घर मावशीला द्यावे. पुस्तके ज्याला वाचायची असतील त्याला. माझ्यामागे कोणी भांडू नये. खाली सही, तारीख. त्याच्याखाली 'साक्षीदार' असे लिहून १ आणि २ असे आकडे घातलेले. आकड्यांपुढे कोरी जागा.

मी ते पान शर्टाच्या खिशात ठेवले आणि नाशिकला आलो. कोणाला काही बोललो नाही.

का बोललो नाही? सांगतो. त्या घराबद्दल आम्हां चार चुलतभावंडांत आधीच बोलणी झाली होती. दादा मुंबईचा. त्याचे म्हणणे, पावसाळ्यात नाशिकची माणसे धबधबे बघायला तिकडे येतात, तेव्हा तिथे राहायची सोय केली तर चांगले चालेल. मी मनातल्या मनात पडवीत एक झोपाळाही टांगला होता. त्या झोपाळ्यावर बसून मी लिहिणार होतो. आणि खिशातला कागद तर कोणीच पाहिलेला नव्हता. फाडला असता तर आवाजसुद्धा झाला नसता.

पाच दिवस तो खिशात राहिला. सहाव्या दिवशी शर्ट धुवायला गेला. माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीबद्दल मोठमोठ्यांनी लिहून ठेवले आहे. माझ्या बाबतीत ते काम धुण्याआधी खिसे तपासायच्या बायकोच्या सवयीने केले. तिने कागद उघडला, वाचला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मग?"

बायकोच्या 'मग?'चे उत्तर ज्याला देता येत नाही, तो तत्त्वज्ञानाकडे वळतो. मीही वळलो. पहिला विचार असा, की मेलेल्या माणसाचे या जगात काहीच नसते. घर त्याचे नाही, आंबा त्याचा नाही. मग इच्छा तरी त्याची कशी? ज्याला दुखवता येत नाही त्याचे देणे कसले? हा युक्तिवाद मला इतका आवडला की मी तो बायकोला ऐकवला. ती म्हणाली, "मग दर पितृपक्षात मी खीर कोणासाठी करते?"

मिलसाहेबांकडे गेलो. त्यांनी १८४८ साली अर्थशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ते म्हणतात की आपली मालमत्ता हवी त्याला देऊन जायचा हक्क माणसाला आहे, पण मृत्युपत्र न करता कोणी गेला तर पुतण्या-भाच्यांनी आयते येऊन बसायचे कारण नाही. ती सरकारजमा व्हावी. हे वाचून मला घाम फुटला. म्हणजे यांच्या मते नानांना द्यायचा हक्क होता, मला घ्यायचा नव्हता. मग लक्षात आले, की मिलसाहेबांनी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली, आणि त्याच १८४८ मध्ये कंपनीने साताऱ्याचे राज्य वारस नाही म्हणून गिळले. तेव्हा सरकारजमा करण्याबाबत साहेबाचे मत किती धरायचे, हाही प्रश्नच. (विरोधकाची नोकरी काढली की त्याच्या युक्तिवादाला उत्तर द्यावे लागत नाही, ही सोय मी तेव्हा मनापासून वापरली.)

आपल्याकडच्या शास्त्रांनी तरी हात द्यावा? बंगालच्या जीमूतवाहनाचे म्हणणे, मृताला पिंड देऊन जो त्याचे पारलौकिक हित करतो तो वारस. आपल्याकडे चालते ती विज्ञानेश्वरांची मिताक्षरा. ती म्हणते, शरीराचे कण ज्याच्यात जास्त जवळून आले तो वारस. दोन्हीकडून मी पास होत होतो. माझ्यात नानांच्या कुळाचे कण आहेत. आरशात नाक पाहिले तरी कळते. फक्त एवढेच, की त्या कणांनी बावीस वर्षांत एकदाही नानांना चहा करून दिला नव्हता.

शेवटी मी सगळ्यांना घरी बोलावले आणि कागद टेबलावर ठेवला. तो इतके दिवस खिशात होता हे मी सांगितले नाही. बायकोनेही सांगितले नाही. ती नुसती बघत होती.

दादा म्हणाला, "याला आधी प्रोबेट लागेल. कोर्टात सिद्ध झाल्याशिवाय मृत्युपत्राला अर्थ नाही." दादा मुंबईत राहत असल्यामुळे सगळा देश मुंबईच्या कायद्याने चालतो अशी त्याची समजूत आहे. धाकट्या भावाने कावळ्याचा मुद्दा काढला. "दहाव्याला कावळा पाच मिनिटांत शिवला. इच्छा राहिली असती तर शिवला असता का?" हे बिनतोड होते. पण रामकुंडावरचे कावळे मी पाहिलेले आहेत. धंद्यात मुरलेले ते. तिथे कोणाच्याही इच्छेची वाट बघत बसण्याइतका वेळ त्यांना नाही. मग एका वहिनींनी घसा खाकरला आणि म्हणाल्या, "पण मी म्हणते, एवढं घरच्या घर द्यायचं म्हणजे... लोक काय म्हणतील?"

कोपऱ्यात आत्या बसली होती. नानांपेक्षा दोन वर्षांनी मोठी, चौऱ्याऐंशीची. अशा बैठकांना आम्ही तिला शोभेसाठी आणायचो. ती म्हणाली, "त्याला गरम भाकरी कोणी दिली गं? तू दिलीस? मग खोकू नकोस."

खोलीत शांतता पसरली. त्या शांततेत मला त्या कोऱ्या दोन जागांचा उलगडा झाला. सगळ्या पेठेत नानांचे विद्यार्थी. दोन सह्यांना काय तोटा होता? पण दोन माणसांना तो कागद दाखवायचा म्हणजे दोन घसे खाकरले जाणार. नाना भित्रे नव्हते. तिच्याविषयी कोणी खाकरावे, हे मात्र त्यांना सोसले नसते.

वकिलाकडे गेलो. वकील नानांचाच विद्यार्थी निघाला. कागद वाचून त्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, "पहिली गोष्ट, प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई शहरासारख्या ठिकाणी, आपल्या नाशिक जिल्ह्यात नाही." दादाचा चेहरा पडला. "दुसरी गोष्ट, दोन साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र होत नाही. १९२५ चा कायदा आहे. तेव्हा हा नुसता कागद." दादाचा चेहरा वर आला. "आणि तिसरी गोष्ट, तुम्ही चौघे वारस नाही."

"म्हणजे?"

"१९५६ चा हिंदू वारसा कायदा. माणूस अविवाहित, आईवडील नाहीत, तर भाऊबहिणी आधी. पुतणे दोन पायऱ्या खाली. एक जरी बहीण हयात असली तरी सगळं तिचं. तुमच्या आत्या आहेत ना?"

आत्या होती. त्या क्षणापासून ती फारच होती. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे तीन घरांतून सफरचंदे आली. तिला दात नाहीत. चौथे घर माझे. मी केळी नेली होती, यात मी माझा विवेक मानतो.

आत्या म्हणाली, "मला पेठला न्या."

गाडी घाटातून गेली. दरड कोसळलेली नव्हती. घराशी पोचलो तर वर दोन गडी कौले शाकारत होते आणि खाली मावशी उभी राहून त्यांना ओरडत होती. आम्ही मालकी कोणाची यावर तीन आठवडे घालवले, तेवढ्यात घर गळायला लागले होते. तिने आत्याला पुस्तकांवर टाकलेला प्लास्टिकचा कागद दाखवला आणि पदराच्या गाठीतून विजेच्या बिलाची पावती काढून माझ्या हातात दिली. गुरुजींचे बिल थकलेले तिला चालत नव्हते.

आत्याने तिला आत नेऊन बसवले. घर तुझ्या नावाने करते म्हणाली. मावशी म्हणाली, "मला काय करायचं? माझं पाड्यावर आहे." आत्या म्हणाली, "मलाही नकोय. पण कोणाच्या तरी नावावर असल्याशिवाय शाकारणीचा खर्च कोणाच्या माथी मारायचा?" त्यावर दोघी हसल्या. पुढचे बोलणे आम्हांला ऐकू आले नाही. पडवीत आम्ही होतो.

कागदपत्रांना पाच महिने लागले, आणि दोष सगळा आमचा. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात नानांचे पाळण्यातले नाव लिहायचे होते, आणि ते आम्हां चौघांपैकी एकालाही खात्रीने माहीत नव्हते. शाळेच्या दाखल्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे, पासबुकावर दोन्हींच्या मधले. ही तीनही माणसे एकच होती, अशी शपथ आम्ही घेतली. बावीस वर्षे त्यांच्याकडे वर्षातून एकदा जाणाऱ्या माणसांनी ती घ्यावी, आणि रोज जाणारीची कोणी विचारूसुद्धा नये, असा कायदा आहे. आधी नमुना आठवर आत्याचे नाव चढले, मग बक्षीसपत्र. बाहेरच्या व्यक्तीला बक्षीस म्हणून मुद्रांक शुल्क पुरते लागले. ते आत्याने पासबुकातून भरायला सांगितले. हमाल अर्थात मी.

बक्षीसपत्रालाही दोन साक्षीदार लागतात. दुय्यम निबंधकांच्या टेबलापाशी आत्याने मागे वळून पाहिले, आणि मी व दादा पुढे झालो. पहिल्या जागी मी सही केली. दुसऱ्या जागी दादाने. माझा हात थोडा कापला. आत्या वाकून बघत म्हणाली, "वेलांटी चुकली तुझी. त्याने परत लिहायला लावलं असतं."

घराचा झोपाळा राहिला तो राहिलाच. पुस्तकांपैकी चार मी मागून आणली. त्यांतले एक वाचलेही. दरवर्षी मे महिन्यात मात्र पेठच्या एसटीतून रायवळ आंब्यांची एक पाटी येते, वर नानांच्या वहीचे पान झाकलेली. ती चार घरांत कशी वाटायची यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. दादा म्हणतो, मुंबईला पोचेपर्यंत त्याचे नासतात, तेव्हा त्याला जास्त हवेत.