सावडीचा हिशेब

गेल्या दिवाळीनंतर गावाकडच्या मित्राचा फोन आला. दिंडोरीजवळच्या आमच्या गावात दहावीच्या पोरांसाठी अभ्यासवर्ग सुरू करायचा होता. "गणित तू घेशील का? महिन्यातून दोन रविवार." मी पुण्यात नोकरी करतो. "बघतो," म्हणालो आणि तासाभरात त्याला पाच हजार रुपये पाठवले. त्यानं नुसता अंगठा पाठवला.

मला एकदम हलकं वाटलं. ते हलकं वाटणंच आता टोचतं.

आपल्याकडे सावड नावाची जुनी रीत आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. इरजिक त्याहून मोठं. एखाद्याची नांगरट अडली, की बाकीचे आपापली औतं घेऊन जायचे आणि त्या दिवशीचं जेवण त्या घरचं. दोन्हींत पैसा नाही, पण फुकटही काही नाही. सावड फेडावी लागते, आणि ती फेडायला स्वतः जावं लागतं. मी पैसे पाठवून नेमकं हे जाणंच टाळलं होतं.

पैशानं काय होतं आणि काय होत नाही, हे आमच्या तालुक्यातल्या वाघाड धरणानं दाखवलंय. धरण सरकारी पैशानं बांधून झालं होतं, कालवे होते, तरी शेपटाकडच्या ओझर भागात पाणी धड पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं १९९१च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांना जमवून तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं आणि वाटप आपणच ठरवायचं. पुढे संस्था चोवीस झाल्या आणि २००३मध्ये अख्ख्या प्रकल्पाचं पाणी सांभाळायचं काम शेतकऱ्यांकडे आलं. सिमेंट आधीच होतं. कमी होता तो माणसांचा वेळ: बैठकांना बसायचा, भांडणं ऐकून घ्यायचा, पुन्हा पुन्हा समजावायचा.

म्हणजे पैशापेक्षा वेळ मोठा? इतकं सोपं नाही. माझा रविवार सुट्टीचा असतो. द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या बाईचा एक दिवस म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी. तिला 'समाजासाठी वेळ दे' म्हणणं म्हणजे तिच्या ताटातलं मागणं. आणि सप्ताहात शंभर माणसांच्या भाकरी थापणाऱ्या माझ्या आईचा वेळ तर कुणी दान म्हणून मोजलाच नाही. देणगीदारांची नावं मात्र फळ्यावर लागली. शिवाय वर्गाच्या खडू-वह्यांना पैसे लागतातच. माझे पाच हजार वाया गेले नाहीत.

विनोबांनी १९५१मध्ये भूदान सुरू केलं. पुढे त्यात संपत्तिदान, श्रमदान, बुद्धिदान अशी भर पडली. यातलं कुठलं श्रेष्ठ, असं मी आधी विचारत होतो. आता वाटतं, प्रश्न वेगळा आहे: समोरच्यानं मागितलं काय होतं? मित्रानं गणित मागितलं. मी मला सोपं होतं ते दिलं आणि वर त्यालाच उपकाराखाली ठेवलं.

जानेवारीत एका रविवारी गेलो. गुणोत्तर शिकवायला मी नकाशाच्या प्रमाणाचं उदाहरण घेतलं, पोरं गप्प. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, फवारणीसारखंच ना? दोनशे लिटर पाण्याला इतकं औषध, तर पन्नास लिटरला किती?" पुढची गणितं तिनंच फळ्यावर मांडली. मी बाजूला बसून ती वहीत उतरवून घेतली, पुढच्या खेपेला लागतील म्हणून.

निघताना मित्रानं एवढंच विचारलं, "पुढचा रविवार कुठला?"

या वेळी मी 'बघतो' म्हणालो नाही. तारीख सांगितली. त्या दिवशी ऑफिसातल्या मित्रांची ट्रिप ठरली आहे, हे मला बसमध्ये बसल्यावर आठवलं.